गोठ्यातल्या आणि रानातल्या हाका: तुमच्याकडे जनावरांना काय म्हणून बोलावतात?

रानवाट (माणदेश)

नमस्कार मंडळी,

जातिवंत जनावरं, चारा, दुधाचा भाव यावर इथे भरपूर लिहून झालंय. पण बैल थांबवताना आपण काय म्हणतो, कोंबड्या गोळा करताना कसला आवाज काढतो, म्हशीला बाजूला घेताना कुठला शब्द वापरतो, यावर एकही धागा सापडला नाही. म्हणून हा काढतोय. हे आवाज कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. त्यातले निम्मे तर शब्दही नाहीत. जिभेची टकटक, ओठांची थरथर, शीळ, नाकातला हुंकार. ते देवनागरीत नीट उतरतही नाहीत, तरी जमेल तसं लिहूया.

आमच्याकडे खिल्लार बैल. जोडी चालती करायची तर जीभ टाळूला लावून ‘टक् टक्’ किंवा दातांच्या फटीतून ‘च् च् च्’. पाय उचलायला लावायचं तर ‘हैक्’, शेवटाला झटका देऊन. थांबवायचं तर ‘होऽऽऽ’, आवाज वरून खाली उतरत. औत बांधाला पोचलं की ‘वळ रंऽ’. बैल रेघ सोडायला लागला की नुसतं ‘तासाला!’ एवढं म्हटलं की तो परत तासात येतो.

खोंडाच्या अंगात हे आवाज कसे मुरतात ते बघण्यासारखं असतं. खोंड जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात. सुरुवातीला नांगर नाही, नुसतं जू, फार तर मागं एखादं लाकूड. ‘होऽऽ’ म्हणायचं आणि त्याच क्षणी कासरा ओढायचा. जाणता बैल आवाजाला थांबतो, खोंड कासऱ्याला थांबतो. पुढंपुढं खोंडही आवाजालाच थांबायला लागतो. कासरा हातात असतो, पण त्याला ताण नसतो. चांगल्या औतकऱ्याची जोडी लांबून बघितली तरी हे कळतं.

आता आमच्या शिवारात ट्रॅक्टरनं नांगरट होते. ज्यांच्याकडे जोडी आहे त्यांची मुलं शहरात आहेत. बैल गेला की त्याच्याशी बोलायचे आवाज त्या घरातून जातात आणि ते गेलेले कुणाच्या लक्षातही येत नाही. कुदळ, जू, शिवळा निदान अडगळीत तरी सापडतात.

तर लिहा. कुठला भाग, कुठलं जनावर, कशासाठी (बोलवायला, हाकलायला, थांबवायला, शांत करायला) आणि आवाज तुटक की लांब, एवढं जरूर सांगा.

माडाखालची (देवगडच्या बाजूला)

रानवाटदादा, धागा आवडला. बैलांचं घरातले पुरुष सांगतील, मी कोंबड्यांचं सांगते.

आमच्याकडे कोंबड्यांना ‘कुर्र कुर्र कुर्र’ करून बोलावतात. जीभ टाळूवर फिरवत, लहान लहान तुकड्यांत. संध्याकाळी आई तांदळाची कणी घेऊन मागच्या दारी उभी राहिली आणि पहिला ‘कुर्र’ निघाला की माडांच्या मुळातून, गवताच्या उडवीमागून, शेजारच्या परड्यातून सगळ्या धावत यायच्या. गंमत म्हणजे शेजारची काकी ‘बा बा बा’ करायची आणि त्यांच्या कोंबड्या आमच्या ‘कुर्र’ला मानही वर करत नसत. दोन्ही घरांच्या कोंबड्या दिवसभर एकाच परड्यात चरायच्या, पण संध्याकाळी आपापल्या आवाजामागे जायच्या.

पिल्लांच्या कोंबडीकडे नीट बघितलंत तर कळेल. दाणा सापडला की ती चोच खालीवर करत तुटक तुटक आवाज काढते आणि पिल्लं धावतात. आपलं बोलावणं त्याच जातीचं आहे. घार दिसली की मात्र तिचा आवाज एकदम वेगळा होतो आणि पिल्लं पंखाखाली शिरतात. अंगणात वाळत घातलेल्या भातावरून कोंबड्या उठवायच्या असल्या की आपण ‘हुश्श’ करतो. तो आवाज कोंबडीच्या कुठल्याच बोलावण्यासारखा नाही, म्हणून बिचकून पळतात असं मला वाटतं.

कुत्र्याला ‘यू यू यू’, मांजराला ‘मनी मनी’, कुत्र्याला हाकलायला ‘हाड’, अंगावर सोडायला ‘छू’. हे बहुतेक सगळीकडे सारखंच असावं.

वाघर (फलटण)

आमचं घर धनगराचं. आजोबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. माझे चुलते अजून जातात. मी शिकायला बाहेर पडलो, पण वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, सुट्टीत गेलो की हे आवाज आपोआप तोंडात येतात.

मेंढरं हाकायला ओठ सैल सोडून ‘ब्रर्रर्र’. हे लिहून कळणार नाही, ओठ थरथरले पाहिजेत. वळवायला ‘हुर्र हुर्र’, आणि वळण देणारा माणूस कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर कळप फिरतो. आवाज आणि उभं राहायची जागा हे दोन्ही मिळून एक सूचना होते. नुसता आवाज रेकॉर्ड करून हे मिळणार नाही. लांबून बोलवायला शीळ, दोन बोटं तोंडात घालून.

कळपात थोड्या शेळ्या ठेवतात. हाक मारली की आधी शेळी मान वर करते आणि निघते, मग तिच्यामागून मेंढरं. त्यामुळे आमच्या बऱ्याच हाका खरं तर शेळ्यांसाठी असतात. मेंढी हुशार नाही असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. संध्याकाळी कळप तळावर येतो तेव्हा दिवसभर वाघरीत (जाळीच्या कुंपणात) ठेवलेली कोकरं सोडतात. शेकडो आया आणि कोकरं एकाच वेळी ओरडत असतात, मोठा माणूस शेजारच्या माणसाशी बोलू शकत नाही इतका कालवा. त्या कालव्यातून प्रत्येक मेंढी आपलं कोकरू आवाजानं शोधते, जवळ आलं की हुंगून खात्री करते आणि मगच पाजते. दुसऱ्याचं आलं तर ढुशी देते. ज्याचे कान इतके तयार आहेत त्याला माझ्या काकाची शीळ आणि दुसऱ्या वाड्यावरच्या माणसाची शीळ वेगळी कळत असणारच. दोन कळप रस्त्यात मिसळले की हेच उपयोगी पडतं. दोघं दोन बाजूला उभे राहून आपापली हाक देतात आणि कळप बऱ्यापैकी आपसूक वेगळे होतात. उरलेली थोडी हातानं काढावी लागतात.

पाटपाणी (बारामती)

मोटेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. नंतर ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी: मोट म्हणजे विहिरीतलं पाणी उपसायची मोठी पिशवी. विहिरीच्या काठाला लागून उताराची धाव असते. बैल धावेवरून खाली जातात तेव्हा नाडा (जाड दोर) ओढला जातो आणि भरलेली मोट वर येते. खाली सोंडेला वेगळा दोर असतो, तो सोंदूर. मोट वर आली की सोंड थारोळ्यात (पाणी पडायच्या कुंडात) मोकळी होते आणि पाणी पाटाला लागतं. त्यानंतर बैलांनी उलट्या पावली धाव चढून परत विहिरीपाशी यायचं. दिवसभर हेच.

यात आवाजाचं काम फार बारीक आहे. बैल धावेच्या टोकाला एक पाऊल आधी थांबले तर मोट थारोळ्यापर्यंत पोचत नाही. एक पाऊल जास्त गेले तर नाड्यावर ताण येतो. म्हणून मोटकरी नाड्यावर बसून खाली जाताना गाणं म्हणायचा आणि ओळ अशी संपवायचा की शेवटचा लांब सूर आणि धावेचं टोक एकत्र यावं. तो सूर म्हणजेच थांबायची खूण. मग ‘मागंऽ, मागंऽ’ असं म्हणत बैल माघारी घ्यायचे. आमच्या मोटकऱ्याचा घसा बसला की त्या दिवशी बैल चुकायचे. कधी आधी थांबायचे, कधी टोकाला उभे राहून मागं यायचंच नाव घ्यायचे नाहीत. मोटेवरची गाणी लोकगीतं म्हणून गोळा झाली, ते चांगलंच झालं. पण त्यांच्या चाली बैलाच्या पावलांवर बसवलेल्या होत्या, हे कागदावर उमटत नाही.

आणखी एक. बैल पाण्यावर नेला की शीळ घालायची. हळू, लांब, एका सुरात. बैल पीत असेपर्यंत शीळ चालू. रानातून तापून आलेला बैल कधी कधी पाण्याला तोंड लावून उभाच राहतो. शीळ सुरू झाली की प्यायला लागतो. हे आमच्याच गावात आहे असं नाही, पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

रानवाट

पाटपाणी काका, ही शीळ आमच्याकडेही आहे! आणि ती बाकी कुठल्याच कामाला वापरायची नाही असा दंडक होता. पोरं उगाच बैलापाशी शीळ घालत असली तर ओरडा बसायचा. एका आवाजाचं एकच काम ठेवलं की जनावर गोंधळत नाही.

आणि वाघर, उभं राहायच्या जागेचा मुद्दा फार मोलाचा आहे. नोंद करताना तोही लिहूया.

गोठाडॉक्टर

मी पशुवैद्यक आहे. तुम्ही सगळे जे लिहिताय त्याला जोडून थोडं शास्त्राचं सांगते.

तुटक की लांब, हा प्रश्न रानवाट यांनी बरोबर विचारलाय. पॅट्रिशिया मॅककॉनेल या अमेरिकन संशोधिकेनं वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, जनावरं हाताळणाऱ्या लोकांचे आवाज गोळा केले होते. घोडे, कुत्रे हाकणारी ही माणसं. त्यांच्या भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसला तरी जनावराला चालतं करायचे आवाज तुटक आणि पुन्हा पुन्हा येणारे निघाले. थांबवायचे किंवा शांत करायचे आवाज एकसंध आणि लांब होते. पुढे कुत्र्यांच्या पिल्लांवर तिनं हे तपासलं. वर चढणाऱ्या, तुटक आवाजांवर पिल्लं लवकर ‘ये’ शिकली. तिचा शोधनिबंध १९९० चा आहे. आता तुमच्या यादीकडे बघा: ‘च् च् च्’, ‘यू यू यू’, ‘कुर्र कुर्र’ एका बाजूला आणि ‘होऽऽऽ’ दुसऱ्या बाजूला.

कानाचं सांगायचं तर गाईला साधारण २३ हर्ट्झपासून ३५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. माणसाची वरची मर्यादा २० हजारांच्या आसपास. म्हणजे ‘च् च्’, शीळ, कुलपाची खटखट यातले बारीक आवाज गाईला आपल्याहून जास्त टोकदार लागतात. गोठ्यात लोखंडी फाटक आदळणं तिला का सोसत नाही ते यावरून लक्षात येईल. कोंबडीचं याच्या उलट. तिला वरचे सूर फारसे ऐकू येत नाहीत, खालचे मात्र माणसापेक्षा चांगले येतात.

दुधाशी तर याचा थेट संबंध आहे. पान्हा सुटायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागतं. सडाला वासराचं तोंड किंवा हात लागला की ते स्रवतं. पण रोजची बादली, रोजचा आवाज, रोजचं माणूस यांचीही सवय जडते आणि धार काढायच्या आधीच गाय पान्हवायला लागते. आरडाओरडा झाला, अंगावर काठी पडली की अॅड्रिनॅलिन वाढतं आणि पान्हा अडतो. म्हशी यात जास्त हळव्या. त्यांना पान्हवायला गाईपेक्षा वेळ लागतो आणि माणूस बदलला की पुष्कळदा दूध चोरतात.

ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या दोघांनी २००९ मध्ये ५१६ दूध उत्पादकांची पाहणी छापली होती. ज्या गोठ्यांत गाईंना नावं होती आणि नावानं हाक मारत होते तिथे वर्षाला गाईमागे २५८ लिटर दूध जास्त दिसलं. नुसतं नाव ठेवलं की दूध वाढेल असा याचा अर्थ नाही. नाव ठेवणारा माणूस बाकीचीही काळजी घेत असतो. २०२० मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २८ कालवडींवर प्रयोग केला. गोंजारताना माणूस समोर बसून बोलला तेव्हा आणि त्याच माणसाचा आवाज स्पीकरवर लावला तेव्हा, अशी तुलना. समोर बोलणाऱ्याबरोबर कालवडी जास्त सैलावल्या.

जोंधळा (मंगळवेढा)

डॉक्टरताई, माहिती छान. पण तुटक म्हणजे ये आणि लांब म्हणजे थांब, हे सरसकट बसत नाही असं मला वाटतं. जोंधळा पोटरीतून निसवला, कणसं बाहेर आली की आम्ही माळ्यावर उभं राहून पाखरं राखायचो. एका हातात गोफण आणि तोंडानं ‘हाऽऽ होऽऽऽ, हाऽऽ होऽऽऽ’. हा आवाज लांबच आहे, आणि त्यानं पाखरू थांबत नाही, उठतं. तसंच रानात लांब चरणाऱ्या गाईला हाक मारतात ती ‘तांबेऽऽऽ येऽऽऽ’ अशी. तीही लांब, आणि गाय येते.

गोठाडॉक्टर

बरोबर हेरलंत. अंतर हा वेगळा मुद्दा आहे. लांबवर पोचवायचा आवाज माणसाला ताणावाच लागतो, तुटक आवाज वाऱ्यात विरतो. स्वीडनच्या डोंगराळ कुरणांवर बायका गाईंना बोलवायला ‘कुलनिंग’ नावाची उंच, ताणलेली हाक वापरत आल्या आहेत. तीही लांबच असते. म्हणून मॅककॉनेलची विभागणी मी जवळच्या कामासाठीच लावते: हातात कासरा आहे, जनावर दोनचार पावलांवर आहे तेव्हा. पाखरांचं तर अजूनच वेगळं, तिथे शिकवणूक नाही, नुसतं बिचकवणं आहे.

जोंधळा

हे पटलं. आणि तुमच्या म्हणण्याला पुरावा माझ्याच हाकेत आहे. गाय लांब असताना ‘तांबेऽऽऽ येऽऽऽ’, ती बांधापाशी आली की आपण आपसूक ‘ये ये ये, चल चल’ असं तुटक बोलायला लागतो. आजवर हे ध्यानात आलं नव्हतं.

बंडीवाला (यवतमाळ)

वऱ्हाडाकडचं कुणीच नाही म्हणून लिहितो.

बंडी हाकताना ‘हैल् हैल्’ आणि जिभेची ‘ट्च ट्च’. बैलाच्या शेपटीला हात लावला की तो निघतोच, पण चांगला धुरकरी (बंडी हाकणारा) शेपटीला हात लावत नाही. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, तर आवाजाचं महत्त्व आणखी. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या मे महिन्यात शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानं २०१७ ला कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. आता नियमात चाबूक, काठी, विजेचा धक्का सगळ्याला मनाई आहे. ती असायलाच पाहिजे. ज्याची जोडी तोंडाच्या आवाजावर पळते त्याला या नियमाची अडचण नाही. ज्यानं कायम पराणीवरच (टोचायच्या काठीवरच) काम भागवलं त्याला आता बैलाशी बोलायला शिकावं लागेल. आमच्या गावातले दोनतीन जुने धुरकरी पोरांना हेच शिकवतात.

पोळ्याचं सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून खांदमळणी करतात आणि त्याला तोंडानं आवतन देतात: ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ वर्षभर आपण बैलाला ‘चल’, ‘थांब’, ‘वळ’ म्हणतो, सगळं एकेरीत. या एका दिवशी ‘घ्या’, ‘या’ म्हणतो. माझे वडील हे म्हणताना बैलाच्या कानाशी वाकायचे. आवाज एवढा हलका की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही नीट ऐकू यायचा नाही.

भिर्रर्र (जुन्नर)

आमच्याकडे घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर, शर्यत. गाडा सुटला की निवेदकापासून पोरापर्यंत सगळा घाट एकच ओरडतो, ‘झाली भिर्रर्रर्र!’ जिभेचा ‘र्र्र’ जितका लांब तितका जोर. पण बैलासाठी तो सगळा नुसता गलका. आमचा बैल गलक्यानं सुटत नाही, सोडणाऱ्या माणसाच्या हाकेनं सुटतो. म्हणून सोडणारा माणूस बदलायचा नाही, हे आम्ही पाळतो.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

म्हशींवर फारच कमी आलंय. कोल्हापूरकर गप्प बसला तर चालायचं नाही.

गोठ्यातलं म्हशीशी बोलणं एकेका शब्दाचं असतं. ‘सर’ म्हणजे बाजूला हो. ‘पाय’ म्हणजे मागचा पाय मागं घे, कास मोकळी कर. ‘उठ’, ‘वर’, ‘हां’. धारेला बसताना आमची आई आधी पाठीवर थाप मारते, मग ‘सर गं’, मग ‘पाय’. म्हैस एक पाय मागं टाकते आणि मगच आई बादली खाली ठेवते. क्रम चुकला, आधी बादली वाजली, तर म्हैस पाय झाडते. बहिणीनं लग्नानंतर माहेरी येऊन धारेला बसायचा प्रयत्न केला तर नव्या म्हशीनं जवळ उभं राहू दिलं नाही. जुनी होती तिनं मात्र आवाज ओळखला, कान पुढं केले आणि पान्हा सोडला. डॉक्टरताईंनी लिहिलेलं संप्रेरकाचं आज कळलं, पण घडताना डोळ्यांनी बघितलंय.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मागं पळत. बाहेरच्या माणसाला वाटतं म्हैस गाडीला बांधलीय. बांधलेली नसते. ती मालकाच्या हाकेमागं आणि गाडीच्या आवाजामागं पळते. एरवी वैरण त्याच गाडीवर येते, तो आवाज तिच्या कानात बसलेला असतो. म्हणजे हाकेच्या यादीत आता इंजिनाचा आवाजही धरायला हवा. रस्त्यावर तशाच दहा गाड्या असल्या तरी म्हैस आपल्याच गाडीमागं वळते, हे कुणीही येऊन बघावं.

माडाखालची

पंचगंगाकाठ, इंजिनाचं एकदम पटलं. आमच्याकडे आता कोंबड्या डब्याच्या झाकणाच्या आवाजाला येतात. वहिनी ‘कुर्र’ करतच नाही, तांदळाच्या कणीचा डबा उघडला की सगळ्या दारात.

रानवाट

बापरे, केवढं आलंय. सगळ्यांचे मनापासून आभार.

मला आता एक गोष्ट फार ठळक दिसतेय. तुटक-लांब हा ढाचा सगळीकडे सारखा आहे, पण नेमका आवाज घराघराचा वेगळा आहे, आणि जनावर त्या घरच्या आवाजाला बांधलेलं आहे. आमच्या भागात खरसुंडीचा खिल्लार बाजार मोठा. तिथे सीमेपलीकडची, कानडी मुलखातली जोडी घेतली की जाणता माणूस दावं हातात घेण्याआधी विकणाऱ्याला विचारतो, ‘ह्याला काय म्हणून बोलावता? थांबवायला काय म्हणता?’ आमच्या शेजाऱ्यांनी आणलेला एक बैल ‘ये’ला ढिम्म हलायचा नाही. ‘बा’ म्हटलं की लगेच यायचा, कारण कानडीत ‘बा’ म्हणजे ये. मग शेजाऱ्यांनी काही दिवस ‘बा, ये’ असं जोडून म्हटलं, हळूहळू ‘बा’ सोडून दिलं. विकणारा प्रामाणिक असेल तर तो दोन हाका स्वतः मारून दाखवतो. त्यानं शब्द सांगितले नाहीत, किंवा त्याच्या हाकेला बैलानं कानही हलवला नाही, तर बैल त्याच्या घरचा नाही, मधल्या व्यापाऱ्यानं फिरवलेला आहे, असं समजायचं. वय दातावरून बघतात, चाल चालवून बघतात, तशी ही तिसरी परीक्षा.

म्हणून आपण शब्दांची नुसती यादी केली तर ती अपुरी राहील. ज्यांच्याकडे आज जनावर आहे त्यांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग करावं, आवाजाचं नाही, व्हिडिओचं. माणूस कुठे उभा आहे, हात कुठे आहे, जनावर काय करतं, हे सगळं दिसायला हवं. मोबाईल कुणीतरी तिसऱ्यानं धरावा. हातात मोबाईल घेऊन हाक मारली की आवाज बदलतो आणि जनावर संशयानं बघतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून सुरुवात करा.

वाघर

रानवाटदादा, चुलते आता कोकणातून परतीच्या वाटेवर आहेत. घाट चढून आले की मी वाड्यावर जाणार आहे. ओठांचा ‘ब्रर्रर्र’, कळप वळवणं आणि संध्याकाळी कोकरं सोडणं, तिन्हीचा व्हिडिओ करतो. एक विचारायचं होतं: मेंढरं रस्ता ओलांडताना काकू बिऱ्हाडाच्या घोड्याला एक वेगळाच आवाज देतात, घोडा जागच्या जागी उभा राहतो. तो या धाग्यात चालेल का? घोडा काही शेतात राबत नाही.

रानवाट

बिनधास्त टाका. बिऱ्हाड ज्याच्या पाठीवर चालतं तो घरचाच.

पाटपाणी

मोट आता कुठली दाखवणार. पण आमच्या जुन्या मोटकऱ्याचा मुलगा गावात आहे, वडिलांच्या मागं नाड्यावर बसून तो मोठा झाला. त्याला घेऊन रिकाम्या धावेवर जातो. बैल नसले तरी तो धाव चालत गाणं म्हणेल, म्हणजे सूर कुठे लांबवायचा आणि ‘मागंऽ’ कुठे म्हणायचं ते पावलांवरून कळेल. धावेचे दगड अजून जागेवर आहेत, लांबीही मोजून घेतो.

बंडीवाला

पोळ्याच्या आदल्या दिवशी आवतनाचा व्हिडिओ माझ्याकडे लागला. वडील नाहीत आता, मोठा भाऊ देतो. त्याला थोडं मोठ्यानं म्हणायला सांगावं लागेल.

गोठाडॉक्टर

बंडीवालेदादा, मोठ्यानं म्हणायला सांगू नका. मोबाईल जवळ धरा. तो जसा म्हणतो तसंच यायला हवं.